बापूच्या गाडीची नुसती चाकं

बापूच्या गाडीची नुसती चाकंच दिसायला लागली, तवा मी वळखलं की आता काय खरं न्हाई. चाकं आन् मागचे दोन लाल दिवे. मधली बॉडी गायब, केबिन गायब. पोलंडातल्या त्या गुळगुळीत रस्त्यानं चाकं आपली आपली पळत्यात आन् कानात बापूचा आवाज येतोय, "पोपट्या, मागं राहू नको लेका, म्होरं उतार हाय."

"बापू, तुझी गाडी कुठंय?"

"तुझ्या म्होरं. दिसंना व्हय?"

"नुसती चाकं हायत."

"मंग बॉडी धुवायला टाकली आसंल," बापू म्हणाला आन् खो खो हसत सुटला. हसता हसता त्याला ठसका लागला. मी हेडफोन कानापासनं जरा लांब धरला.

हे समदं कॉम्प्युटरवरचं हाय बरं का. न्हाईतर तुम्ही म्हणाल, म्हातारा पिऊन बसलाय. मी पोपट, न्हावऱ्याचा. जल्म ट्रकच्या स्टेरिंगवर गेला. कांदा वाहिला, खत वाहिलं, सिमेंट वाहिलं, रांजणगावच्या कंपन्यांचा माल मद्रासपतुर नेला. मंग कंबरंतली गादी सरकली. डॉक्टर म्हणला, आता सीटवर बसायचं नाव काढू नका. घरी बसलो. चांगुणा व्हती तवर बरं व्हतं, भांडायला तरी माणूस व्हतं. ती गेली आन् घर असं झालं की कुकरची शिट्टी वाजली तरी मी दचकायचो, शिट्टी मीच लावलेली असून.

कॉम्प्युटर माझ्या पोराचा, महेंद्रचा. डिप्लोमाला असताना घेतलेला. पोरगं पुण्याला गेलं, लगीन झालं, नवा लॅपटॉप आला, आन् हे धूड ऱ्हायलं हितंच, चांगुणाच्या शिलाई मशीनशेजारी, वर चादर टाकून. एका उन्हाळ्यात नात आली, प्राची. तिनं चादर काढली आन् त्यात ट्रकचा गेम टाकून दिला. म्हणली, "आबा, तुम्ही ड्रायव्हर ना? चालवा मग." मी म्हणलं हे काय पोरखेळ. आन् मंग त्या उन्हाळ्यात तिनं जेवायला हाक मारली तरी मी उठंना. ती परत गेली तरी मी चालवतच ऱ्हायलो. एवढंच की परदेशात समद्या गाड्या उजव्या अंगानं चालवायच्या. पयल्या आठवड्यात मी आपला डाव्या अंगाला घुसायचो आन् समोरचे बिचारे जर्मन लोक माझ्या नावानं बोंबा मारायचे.

आता बापूचं सांगतो. बापूसाहेब, राहूचा. दौंड तालुक्यातलं राहू, भीमेच्या पल्याड. मोठं बागायतदार घर, ऊस, म्हशी, सोसायटीत वजन. पण ह्याला शेतीत रस न्हाई. आईशी भांडून स्वतःची गाडी घेतली आन् स्वतःच चालवायला लागला. मी एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाडीवर. दौंडच्या मालधक्क्यावर आमची वळख झाली. रेल्वेचा रेक आला की पोती भरायला ट्रकांच्या रांगा लागायच्या, नंबर यायला कवा कवा दीस जायचा. तवा मी त्याच्या केबिनमधी जाऊन बसायचो. दोघं म्होरल्या काचेकडं तोंड करून बसलेलो. काच ती, म्होरं दुसऱ्या ट्रकचं ढुंगण, आन् आमच्या गप्पा चालू. तिथनंच जोडी जमली. त्याची गाडी म्होरं, माझी मागं. घाटात एकाची गाडी गरम झाली तर दुसरा थांबणार, एकाला डोळा लागला तर दुसरा जागणार. मी त्याच्या तांब्यानं पाणी प्यालोय, त्याच्या गादीवर झोपलोय, एका ताटात खाल्लंय. खोटं न्हाई सांगत.

मंग बापूच्या अंगावरनं वारं गेलं. डावी बाजू गेली. पोरगा विक्रम, लई मोठा माणूस आता, त्यानं घरच्या घरी हाताला कायतरी उद्योग हवा म्हणून त्याला भारी कॉम्प्युटर घेऊन दिला, स्टेरिंगसकट. मला बापूनं फोनवर सांगितलं आन् मी म्हणलं, बापू, माझ्याकडं बी हाय की! प्राचीनं फोनवरनं सांगून सांगून दोघांची जोडणी करून दिली. कानाला हेडफोन, तोंडाशी माइक. तवापासनं रोज दिवेलागणीला आमची जोडी सुटते. पोलंडात एक गाव हाय, त्याचं नाव आमच्या जिभंला येत न्हाई, त्याला आमी इंदापूर म्हणतो. तिथल्या पंपावर गाड्या लावायच्या. मंग मी उठून हितं खराखुरा चहा टाकतो, त्यो तिथं राहूला सुनंकडनं मागवतो, आन् दोघं पितो. हेच्यात येडेपणा वाटत आसंल तर वाटू द्या.

तुम्ही म्हणाल, फोनवर बोला की. फोनवर आमाला बोलता येत न्हाई. "काय चाललंय?" "चाललंय." "जेवला?" "जेवलो." "बरं, ठेवतो." झालं. आमाला बोलायला म्होरं रस्ता लागतो. गाडी चालू असली की बापू समदं बोलतो. हात कसा थरथरतो, संडासला जाताना धरायला माणूस लागतं, त्याची लाज कशी वाटते, सपनात अजून गाडी कशी येते. मी चांगुणाचं बोलतो. पोराला मी हे कवा बोललो न्हाई. बापूला बोलतो, कारण त्यो माझ्याकडं बघत नसतो.

तर अशी चाकं दिसायला लागली, म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घातला आन् शिरूरला नेला. एसटी स्टँडाच्या मागं प्रगतीचं दुकान हाय. दुकान म्हंजी एक गाळा, त्यात वायरींचा गुंता आन् मधी ही पोरगी, स्क्रू-ड्रायव्हरनं कपाळ खाजवत बसलेली. तिनं डब्याचं झाकण काढलं. आतनं मूठभर धूळ निघाली आन् पालीचं एक अंडं.

"मामा, ह्यात संसार थाटलाय कुणीतरी."

"मला भाडं न्हाई दिलं अजून," मी म्हणलं.

ती हसली आन् मंग हसणं थांबवून तिनं ग्राफिक्स कार्ड बाहेर काढलं, दिव्याखाली धरून बघितलं. कार्ड म्हंजी हिरवी पट्टी, तिच्यावर पंखा. पडद्यावर जे काय चित्र दिसतं ते हे रंगवतं. तिनं मला नीट समजावलं. गेमवाले दरसाली नवीन करत ऱ्हात्यात, झाडं वाढवत्यात, पाऊस वाढवत्यात, आन् ह्या जुन्या कार्डाला आता ते रंगवणं झेपंना. म्हणून ते अर्धं सोडून देतं. आधी बॉडी सोडली, उद्या चाकं सोडंल.

"आन् म्होरल्या महिन्यात मोठा अपडेट हाय," ती म्हणली. "त्यानंतर ह्या कार्डावर गेम चालूच व्हणार न्हाई."

"मी अपडेट न्हाई घेतला तर?"

"मग तुम्ही जुन्या गेममधी आन् तुमचे मित्र नव्यात. दोघं एकमेकांना दिसणार न्हाई. त्यांच्याकडं आपोआप होत असंल."

मी म्हणलं, "मंग टाक नवीन."

"मामा, गिऱ्हाईक म्हणून गोड बोलणार न्हाई. नवं कार्ड टाकलं तर त्याला करंट जास्त लागतो, म्हंजी पॉवर सप्लाय बदला. बाकीचं समदं जुनंच. नाकापरीस मोती जड व्हतोय. उद्या बोर्ड गेला तर ते बी वाया. विचार करा, घाई नको."

पैशाचं म्हणाल तर तेवढं व्हतं माझ्याकडं. प्रश्न त्यो नव्हता. त्या रात्री महेंद्रला फोन केला, त्याला ह्यातलं कळतं म्हणून. त्यो म्हणला, "आबा, ह्या वयात गेमसाठी ग्राफिक्स कार्ड? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा इकडं या ना राहायला." तिकडं मी गेलो व्हतो एकदा. दोघं सकाळी कामाला, प्राची शाळेला, आन् मी बाल्कनीत. खाली वॉचमन, वर मी. दोघं एकमेकांकडं बघत बसायचो, पाळीपाळीनं जांभया द्यायचो. एकटंच ऱ्हायचं तर आपल्या घरात ऱ्हावं की.

दुसऱ्या खेपंला प्रगतीकडं गेलो, तवा तिनं सहज विचारलं. "मामा, मित्र कुठले तुमचे?"

"राहूचे."

"आपलं राहू? भीमा ओलांडली की?" ती स्क्रू फिरवायची थांबली. "अहो, मग पोलंडात कशाला भेटताय? एसटीत बसा आन् जा की!"

काय सांगणार त्या लेकराला? एवढ्या वर्षांच्या जोडीत मी बापूच्या घरी एकदा बी गेलो न्हाई, आन् त्यो माझ्या. आमची घरं न्हावऱ्याच्या खालच्या अंगाला, विहाराजवळ. त्याचं घर कुणाचं ते मी सांगितलंय. बाकीचं समजून घ्या, न समजायला तुम्ही काय परदेशातनं आला न्हाई. ट्रकवरची दोस्ती ट्रकवर, असा आमच्यात कायदाच. कुणी केला ते ठाव न्हाई, पण दोघांनी पाळला. शिरूरकडनं येताना बापू आमच्या दारापुढं रस्त्यावर गाडी उभी करायचा, हॉर्न द्यायचा. चांगुणा भाकरी आन् लसणाची चटणी फडक्यात बांधून वर द्यायची. त्यो केबिनमधी बसून खायचा, बोटं चाटायचा, "वैनी, एक नंबर!" म्हणून वरडायचा. पण खाली उतरायचा न्हाई. मी तिला म्हणायचो, गाडी लोड हाय, त्याला घाई हाय. चांगुणा म्हणायची, "लोड गाडीचा न्हाई, दुसराच हाय. मला शिकवू नका." ती गेली तवा बापू मातीला आला, तिथं माझ्या गळ्यात पडून रडला, आन् तिथनंच परत गेला.

पण प्रगतीचं बोलणं डोस्क्यातनं जाईना. मी म्हणलं, आता काय ऱ्हायलंय? त्याची आई गेली, माझी बायको गेली, दोघं मसणाच्या वाटंवर. आता कोण कुणाला इचारतंय? प्रत्यक्ष भेटायला लागलो तर कार्डाची गरजच काय? आठवड्यातनं एकदा मी जाईन, न्हाईतर विक्रमच्या गाडीतनं त्यो येईल. त्या इचारानं मला असा हुरूप आला की काय सांगू. सकाळी उठून लसूण सोलला, खोबरं भाजलं, चांगुणाच्या वरवंट्यानं चटणी वाटली. डबा भरला, इस्त्रीचा शर्ट घातला. चौफुल्याला उतरलो, तिथनं राहूची गाडी धरली. बापूला मुद्दामच सांगितलं न्हाई. म्हणलं, म्हाताऱ्याला दचकवतो.

बंगला मोठा हाय. गेट, म्होरं फरशीचा लांब व्हरांडा, त्यावर खुर्च्या मांडलेल्या. सून बाहेर आली, राजनंदिनी. गोड पोरगी हो, खोटं कशाला बोलू. मी नाव सांगितलं, न्हावऱ्याहून आलो म्हणलं. तिला एकदम कळलं. "अय्या, पोपटकाका का? आप्पा रोज तुमच्याशीच बोलत असतात ना! बसा ना काका. आत आत्ताच फरशी पुसलीय, घसराल. इथंच बसा, वारं पण छान येतं."

बसलो. बापू वॉकर धरून आला. मी उठून उभा ऱ्हायलो. मला वाटलं, त्यो आता म्हणणार, पोपट्या, लेका, तू कसा काय मेल्या! माझ्या तोंडावर हसू तयारच व्हतं.

त्यानं एकदा सुनंकडं बघितलं. मंग म्हणाला, "या या, पोपटराव. कसं काय येणं केलंत?"

पोपटराव! उभ्या जल्मात त्या माणसानं मला राव म्हणलं नव्हतं. माझं हसू तिथंच वाळून गेलं. मी म्हणलं, "आलो आपला. इकडं काम व्हतं जरा." बघा, मी बी काय कमी न्हाई. काम कसलं? काम त्योच.

समोरासमोर बसलो दोघं. मधी टीपॉय. म्होरं रस्ता न्हाई, काच न्हाई, नुसतं त्याचं तोंड. डावा गाल खाली वढलेला, ते मी पयल्यांदाच बघितलं. आवाजावरनं ते कळत नव्हतं. त्यानं ऊन किती पडलंय ते सांगितलं. मी एसटीला गर्दी किती व्हती ते सांगितलं. राजनंदिनीनं चहा आणला. मला कागदी कपात, बापूला कानाच्या स्टीलच्या मगात. मगाचं ठीक, त्याचा हात थरथरतो. कागदी कपाचं बी ठीक, विक्रमकडं दिवसभर माणसांची रांग असते, किती कप धुवायचे त्या पोरीनं? टीपॉयखाली कपांची आख्खी चळत व्हती. मी आपला मनातल्या मनात तिची वकिली करत बसलो.

मी चटणीचा डबा दिला. तिनं घेतला, वास घेतला, "वा!" म्हणली आन् खिडकीत ठेवला. जाताना तिनंच त्यो माझ्या हातात परत दिला. "काका, रागावू नका हं. आप्पांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, बीपी वाढतं. इथं राहिला तर ते चोरून खातील." हसत हसत दिला. समद्याला कारण व्हतं. कारणाशिवाय तिथं एक गोष्ट घडली न्हाई. एखाद्यानं हाकलून दिलं असतं तर मी दोन शिव्या तरी दिल्या असत्या. हितं शिवी द्यायला बी जागा ठेवली न्हाई कुणी.

त्याआधी मी एक घोडचूक केली. खिडकीच्या जाळीतनं आत कॉम्प्युटर दिसत व्हता, स्टेरिंग दिसत व्हतं. त्याच्याकडं बोट दाखवून मी म्हणलं, "त्योच का रं बापू? बघू तरी, कसं हाय स्टेरिंग. माझं कार्ड गेलंय, म्हणून म्हणलं आता हितंच येत जाईन आठवड्यातनं एखाद दिवशी. दोघं मिळून चालवू एकाच गाडीवर."

बापूनं दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. तरी त्यो हळू आवाजात बोलला.

"आत पसारा हाय लई." मंग जरा थांबून, "पोपटराव, तुम्ही असं करा, तेवढं कार्ड टाकून घ्या. कशाला एवढ्या उन्हात हेलपाटा? संध्याकाळी भेट हुईलच की आपली."

मी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला. म्हणलं, येतो. त्यो म्हणाला, या. बास, एवढंच.

चौफुल्याला शिरूरची गाडी लवकर आली न्हाई. शेडमधी बसून मी बापूला काय काय बोललो, ते सांगण्यासारखं न्हाई. शेजारची एक बाई उठून लांब जाऊन बसली. कार्ड टाकून घ्या म्हणं! अरे, मी तुझ्यासाठी सोलापूरच्या अलीकडं भर पावसात गाडीखाली झोपून पाटा बदललाय. तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला तुझी खेप मी मारलीय. आन् मला तू पडद्यातच ऱ्हा म्हणतोस? मरू दे ते कार्ड, मरू दे त्यो गेम. घरी आलो आन् कॉम्प्युटरवर चांगुणाची चादर टाकून दिली.

आठवडाभर न्हाई लावला. दिवेलागण झाली की बाहेर कट्ट्यावर बसायचो. पोरं मोबाइलात, बाया मालिकेत. कुणी "काय मामा, बरं हाय का" म्हणून जायचं, उत्तराला थांबायचं न्हाई. घरात आलो की फ्रिज घुरघुरायचा. एके दिवशी मी त्या फ्रिजला म्हणलं, "गप की रं." आन् त्यो खरंच बंद पडला, लाइट गेली व्हती. अंधारात मी तसाच उभा, आन् मला एकदम रडू कोसळलं. मी माझ्या बायकोच्या मातीला एवढा रडलो नव्हतो. फोन एकदा वाजला, बापूचा. मी उचलला न्हाई. फोनवर त्यो काय बोलणार, जेवला का इचारणार.

मंग मी शिरूरला गेलो. मानानं ऱ्हायचं तर एकट्यानं ऱ्हावं लागतं, आन् मला एकट्याला ऱ्हाववत न्हाई. एवढं साधं हाय ते. तुम्हाला ह्यात लाज वाटत आसंल तर तुमच्या घरात बोलायला माणूस आसंल.

प्रगती म्हणली, "मामा, जाऊन आला का मित्राकडं?"

"आलो. चहा घेतला. टाक ते कार्ड."

तिला काय उमगलं कुणास ठाव. तिनं सप्लाय बदलला, कार्ड बसवलं, आतली धूळ फुंकून काढली आन् डबा माझ्या पिशवीत अलगद ठेवला.

त्या दिवशी दिवे लागले आन् मी कानाला हेडफोन लावला. पंपावर बापूची गाडी उभी व्हती. समदी दिसत व्हती. निळी केबिन, चकचकीत नळकांडी, आरशावर उन्हाची तिरीप, आतमधी बसलेला माणूस बी दिसत व्हता, टोपीवाला गोरा. बापू टोपी घालत न्हाई.

"पोपट्या!" माझ्या कानाचा पडदा फाटंल असा वरडला त्यो. "आलास व्हय रं लेका! मी रोज येऊन उभा ऱ्हातोय हितं. मला वाटलं, आता काय तू येत न्हाईस."

"आलो."

"कार्ड टाकलंस?"

"टाकलं."

गाड्या काढल्या. त्यो म्होरं, मी मागं. दोन्ही बाजूंनी मोठी झाडं, एकेक पान दिसत व्हतं. मंग बापूनं घसा खाकरला.

"चटणी आणली व्हतीस म्हणं. राजनंदिनी सांगत व्हती."

"व्हय."

"लसणाची?"

"लसणाची."

"खाल्ली असती रं मी."

माझं डोस्कं सटकलं. "मंग मागायची व्हतीस की! तोंडावरनं बी वारं गेलंय का तुझ्या?"

हे बोलायला नको व्हतं. माणसाच्या दुखण्यावरनं बोलू नये. पण तोंडातनं गेलं. म्होरली गाडी जरा हळू झाली, मंग परत पळायला लागली.

"घर विक्रमचं हाय आता, पोपट्या," त्यो म्हणाला.

"आधी तुझ्या आईचं व्हतं."

"व्हय."

"मंग मधी तुझं कवा व्हतं रं बापू?"

म्होरल्या गाडीचे ब्रेकचे लाल दिवे लागले आन् इझले.

"माझी गाडी व्हती की रं," बापू म्हणाला. "गाडीत कवा तुला हितं बस, तितं बस म्हणलो व्हय?"

तसं कवा म्हणला नव्हता. एकदा बी न्हाई. मी ते त्याला बोलून दाखवलं न्हाई, कारण बोलायला गेलो असतो तर गळा भरून आला असता, आन् त्याला वाटलं असतं की मी माफ केलं. मी माफ केलेलं न्हाई. एवढ्या मोठ्या बंगल्यात मला बोलवायला त्या माणसाला एक खोली निघाली न्हाई, त्याचा राग हाय मला, अजून हाय. पण त्या बंगल्यात त्याची सोताचीच एक खोली न्हाई, हे मला त्या दिवशी व्हरांड्यात बसून बी दिसलं नव्हतं.

"म्होरं वळण हाय," बापू म्हणाला. "बेतानं घे."

"दिसतंय मला," मी म्हणलं आन् गेअर टाकून त्याच्या मागं गाडी घातली.